ऊलाँग आणि उंचीचे वेड

ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला चहा, आवडीने पिणाऱ्याला आवडता प्रदेश विचारला, की हल्ली डोंगराच्या नावापाठोपाठ आकडाही येतो. तैवानचे आलीशान, 1,400 मीटर. लीशान, 2,000 मीटर. आकडा जितका मोठा तितका चहा वरच्या दर्जाचा, असे जणू ठरूनच गेले आहे आणि पुडीची किंमतही त्याच पायऱ्यांनी चढते. हा हिशेब चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यात चहा करणाऱ्याच्या कसबाला जागा नाही, त्याने डोंगरउतारांवर भार टाकला आहे आणि नावाची फसवेगिरीही सोपी करून ठेवली आहे. आवडता प्रदेश निवडायचाच असेल, तर मधल्या आणि कमी उंचीच्या जुन्या गावांकडे आधी बघायला हवे.

सुरुवात वूयीपासून करू, कारण उंचीच्या हिशेबाला तिथेच पहिला तडा जातो. फूजियान प्रांताच्या उत्तरेतल्या या डोंगरांतला ‘कातळी चहा’ चीनमधल्या सर्वांत महागड्या ऊलाँगांत मोडतो. त्याच्या नावाजलेल्या बागा शिखरांवर नाहीत, खाली घळींत आहेत: न्यूलानकेंग, हुईयुआनकेंग, दाओशुईकेंग या दऱ्या आणि ल्यूश्यांगज्येन, वूयुआनज्येन हे ओहोळ. समुद्रसपाटीपासून या जागा काही शे मीटरच उंच आहेत. दोन्ही बाजूंना तांबड्या वालुकाश्माचे कडे, त्यामुळे ऊन दिवसातून थोडाच वेळ पोचते. कड्यांतून पाणी झिरपत राहते आणि पायाशी झिजलेल्या खडकाचा मुरूम साचतो. मुळांना ओल मिळते, पण पाणी तुंबत नाही. आठव्या शतकात चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या लू यू या चिनी लेखकाने चहाच्या जमिनींची प्रतवारी लावली, तेव्हा झिजलेल्या खडकातला चहा पहिला, खडेमिश्रित मातीतला मधला आणि पिवळ्या मातीतला शेवटचा, असा क्रम दिला. त्याने जमिनीची प्रत मातीवरून ठरवली. पायाखालचा दगड आणि डोक्यावरची सावली यांनी किती फरक पडतो, हे वूयीत आजही जिभेला कळते. रोउगुई या एकाच वाणाचा घळीतला चहा आणि डोंगराबाहेरच्या सपाटीवरचा चहा शेजारी ठेवून प्यायला, तर दालचिनीसारखा वास दोन्हींत असतो. गिळल्यानंतर घशात रेंगाळणारा, ओल्या दगडाची आठवण देणारा गोडवा मात्र पहिल्यातच जाणवतो.

उंचीने काहीच होत नाही, असे मी म्हणत नाही. होते, आणि ते का होते हे नीट समजून घेतल्याशिवाय तिच्याविरुद्ध बोलण्यात अर्थ नाही. चहाच्या झाडाच्या मुळांत थिॲनीन तयार होते, ते पानांत चढते आणि उन्हात त्याचा काही भाग कॅटेचिनांच्या घडणीत खर्ची पडतो. थिॲनीनने चव गोडसर आणि भरीव लागते, कॅटेचिनांनी तुरट-कडू. थंड हवा, दुपारनंतरचे धुके आणि गाळून आलेला प्रकाश यांमुळे ही प्रक्रिया मंदावते. पाने हळू वाढतात, जाड होतात, तुरटपणा कमी राहतो. तैवानमध्ये 1,000 मीटरच्या वरच्या चहाला ‘उंच डोंगरी’ म्हणतात. त्याचा मऊपणा, लोण्यासारखा स्पर्श आणि फुलांचा वास खरा आहे. पहिल्यांदा पिणाऱ्याला तो लगेच आवडतो, त्यातही नवल नाही.

पण ऊलाँग हा पानाचा जितका, तितकाच हातांचा चहा आहे. हिरव्या चहात खुडलेले पान लवकर तापवून थांबवायचे असते. काळ्या चहात ते पुरते चुरडून ऑक्सिडीकरण, म्हणजे हवेच्या संपर्काने पान तांबूस होण्याची क्रिया, शेवटपर्यंत न्यायचे असते. ऊलाँग या दोहोंच्या मध्ये कुठेतरी थांबवायचा असतो, आणि कुठे थांबायचे हे त्या दिवसाच्या पानावर ठरते. कोंबाची वाढ थांबून वरची दोन-तीन पाने उघडली, की खुडणी होते. मग पान उन्हात पसरतात. दहा-वीस मिनिटे, ऊन सौम्य असेल तर जास्त. वजन साधारण आठ ते बारा टक्के घटले आणि पानाची तकाकी गेली, की ते आत घेतात. आत तासा-दीड तासाच्या अंतराने तीन ते पाच वेळा पान हलवायचे, आधी हलक्या हाताने, मग जोर वाढवत. या हलवण्याने पानांच्या कडा एकमेकींवर घासतात, पेशी फुटतात, कडा तांबूस होतात. मधल्या विश्रांतीत देठातले पाणी शिरांमधून पानाच्या टोकापर्यंत येऊन बाहेर पडते. चीनमध्ये याला ‘पाणी चालणे’ म्हणतात. ऊलाँगचा सगळा जीव या पाणी चालण्यात आहे.

इथे घाई झाली, पहिल्याच फेरीत पान जोरात घोळले गेले, तर शिरा मोडतात आणि पाणी पानातच अडकते. मग बाहेरून सुकलेले दिसणारे पान आतून ओलेच राहते, आणि कपात उतरतो तो गवताचा कच्चा वास आणि जिभेच्या कडेला चिकटणारा तुरटपणा. उलट पान फारच कमी हलवले, तर कडा फुटतच नाहीत आणि वास उमलत नाही. कच्चा वास जाऊन फुलाफळांचा वास आला, की 200 अंशांहून जास्त तापलेल्या फिरत्या पिंपात पान परततात आणि ऑक्सिडीकरण थांबवतात. पुढे गोळी चहा असेल, तर कापडात बांधून तीस-चाळीस वेळा दाबून वळायचे. मग वाळवणे, आणि शेवटी शेक, म्हणजे मंद आचेवर भाजणे.

आता हेच काम 2,000 मीटरवर करून पाहा. खुडलेले पान पसरले आणि धुके उतरले. ऊन नाही, हवा गार, दमट. पान कोमेजतच नाही. पाणी चालत नाही. गार हवेत ऑक्सिडीकरणही मंद, म्हणून करणारा रात्री उशिरापर्यंत वाट पाहतो, आणि खुडलेल्या मालाचा पुढचा ढीग दारात उभा असला तर वाट न पाहताच पिंप तापवतो. उंचीने पानाला दिलेले सगळे या एका रात्रीत वाया जाऊ शकते. अशा चहाचा पहिला घोट छान लागतो, कारण थिॲनीन भरपूर असते. तिसऱ्या कपात तो पातळ पडतो, गार झाला की गवत जाणवते. उंच डोंगरावर निष्णात कारागीर आहेतच. पण तिथे निसर्ग त्यांच्या हातात मदत कमी आणि अडथळे जास्त देतो, आणि ग्राहक आकडा पाहून पैसे मोजत असल्यामुळे हात कच्चा राहिला तरी माल खपतो. माझी पहिली तक्रार हीच आहे.

तैवानच्या नानतोऊ जिल्ह्यातले लुगू हे गाव या संदर्भात फार महत्त्वाचे. डोंगडिंग हा तिथला चहा. बागा साधारण 600 ते 800 मीटरवर. 1976 पासून तिथे चहाच्या स्पर्धा भरत आहेत आणि तैवानी ऊलाँगची जीभ घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. जुना डोंगडिंग चांगला तांबूस-सोनेरी उतरायचा, मध्यम ऑक्सिडीकरणाचा, वर सावकाश दिलेला शेक. भाजलेल्या सुक्या मेव्याचा आणि पिकल्या फळाचा वास. 1980 च्या दशकात उंच डोंगरी चहाची लाट आली आणि बाजाराला फिकट पिवळा, फुलांच्या वासाचा चहा हवा झाला. डोंगडिंगही फिकट होत गेला. 700 मीटरवरच्या पानाने 1,500 मीटरवरच्या पानाची नक्कल करायला जाणे म्हणजे स्वतःचे बळ सोडून दुसऱ्याच्या मैदानात उतरणे. लुगूत शेक देणारे जाणते लोक आजही आहेत आणि स्पर्धेतही शेकलेल्या चहाचा मान टिकून आहे, हे तैवानचे भाग्य.

ही लाट सामुद्रधुनी ओलांडून आनशीलाही पोचली. दक्षिण फूजियानमधला हा भाग तिएगुआनयिन या वाणाचा. शीपिंग हे त्याचे मूळ गाव, पुढे ग्यांद आणि श्यांगह्वा यांची नावे मोठी झाली. 1990 च्या दशकापासून तिथे ‘हलक्या वासाचा’ चहा सुरू झाला. पान हलवायच्या खोल्यांत वातानुकूलन यंत्रे बसली, तापमान 18-20 अंशांवर आणले गेले. म्हणजे डोंगराची थंडी यंत्रातून विकत घेतली. वर कडांची तांबूस किनार नकोशी झाली. पान कापडात गुंडाळून आपटायचे आणि तांबड्या कडा झाडून टाकायच्या, अशी पद्धत रूढ झाली. हिरवे पान आणि तांबडी कड ही ऊलाँगची ओळख, आणि तीच दोष ठरवून काढून टाकली. असा चहा निर्वात पाकिटात, शीतकपाटात ठेवावा लागतो. बाहेर राहिला तर काही आठवड्यांत वास उतरतो. काही वर्षे त्याची प्रचंड चलती होती. मग पिणारे कंटाळले, रिकाम्या पोटी त्रास होतो म्हणू लागले, आणि बाजाराचा ओढा वूयीच्या शेकलेल्या चहाकडे वळला. आता आनशीतही तांबडी कड ठेवणारा, कोळशावर शेकलेला तिएगुआनयिन पुन्हा मान मिळवतो आहे. 2022 मध्ये आनशीच्या या परंपरेला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषिवारशाच्या यादीत घेतले. मध्यंतरीच्या काळात ती परंपरा किती पातळ झाली होती, तेही अशा वेळी आठवावे.

उंचीच्या हिशेबात मुळीच न बसणारा चहा म्हणजे ‘पूर्वेची सुंदरी’. शिनचू जिल्ह्यातल्या बेइपू आणि अमेई गावांच्या सखल, उष्ण टेकड्यांवर तो होतो. उन्हाळ्यात, जूनच्या सुमारास, हिरवे तुडतुडे कोवळ्या कोंबांचा रस शोषतात. शेतकरी इतर पिकांवर ज्यांना मारायला धावतो, तेच हे तुडतुडे. चावलेले झाड प्रतिकारासाठी सुगंधी द्रव्ये सोडते, आणि जास्त ऑक्सिडीकरण झाल्यावर त्यांतून मध आणि पिकल्या द्राक्षांचा वास उमटतो. यासाठी बागेत कीटकनाशक मारून चालत नाही. गार उंचीवर हे तुडतुडे क्वचितच पुरेसे होतात. कोंब खुरटे, वाकडे, उत्पन्न थोडे, खुडणी हाताने. ज्याला ऊलाँगचे प्रदेश समजून घ्यायचे आहेत, त्याने हा चहा लीशानच्या आधी प्यावा असे मी म्हणेन.

एक अपवाद मोकळेपणाने मान्य करायला हवा. ग्वांगडोंगमधल्या छाओचोऊजवळच्या फेंगहुआंग डोंगरात वूडोंग शिखराभोवतीचा, 1,000 मीटरच्या आसपासचा दान्त्सोंग हा ऊलाँग खालच्या मळ्यांतल्या दान्त्सोंगपेक्षा सरस असतो, आणि तोही स्पष्ट फरकाने. पण तिथे उंचीबरोबर झाडांचे वयही वाढत जाते. वरच्या गावांत शेकडो वर्षांची झाडे आहेत, एकेक झाड वेगळे खुडून वेगळे करण्याची रीत आहे, आणि दान्त्सोंग या नावाचा मूळ अर्थच ‘एकटे झुडूप’ असा. आता खालच्या मळ्यांत त्याच झाडांच्या फांद्यांची कलमे लावलेली असतात. तिथला मध-ऑर्किडच्या वासाचा चहा स्वस्तात चांगला मिळतो, फक्त पाण्याला जरा जास्त वेळ दिला की कडवट होतो. म्हणून दान्त्सोंग भांड्यात भरपूर पान घालून काही सेकंदांतच ओतून घ्यावा.

आता उतारांविषयी. मध्य तैवान हा भूकंपाचा आणि वादळी पावसाचा प्रदेश. 1960 मध्ये मध्य आडवा महामार्ग खुला झाला, लीशानच्या परिसरात निवृत्त सैनिकांनी सफरचंद-नासपतीच्या बागा लावल्या, पुढे त्यांतल्या कितीतरी जागी चहा आला. 21 सप्टेंबर 1999 च्या भूकंपाने त्या महामार्गाचा गूगुआन ते देजी हा टप्पा असा मोडला, की सर्वसाधारण वाहतुकीसाठी तो पुन्हा पूर्ववत झालाच नाही. 2009 च्या ऑगस्टमध्ये मोराकोट वादळाने आलीशानच्या भागात दरडींची रांग लावली. या दरडी चहामुळे कोसळल्या असे कोणी म्हणणार नाही. पण जंगलाच्या खोल मुळांनी धरलेली माती आणि चहाच्या ओळींनी धरलेली माती यांची ताकद सारखी नसते, हे डोंगरावर राहणारा प्रत्येकजण जाणतो. 2,500 मीटरवरच्या दायूलिंगचा चहा सर्वांत उंच म्हणून सर्वांत महाग होता. सरकारी वनजमिनीवरच्या तिथल्या सर्वांत वरच्या बागा 2015 च्या सुमारास सरकारने परत घेतल्या, झाडे काढली आणि जमीन जंगलाकडे सोपवली. मला तो निर्णय योग्य वाटतो. 1,000 ते 1,500 मीटरवर, कायदेशीर जमिनीवर, पिढीजात कसणाऱ्या त्सोऊ आदिवासी कुटुंबांच्या बागांबद्दल मी हे बोलत नाही. शिखराकडे आणखी एक पायरी चढायचे आमिष जो आकडा दाखवतो, त्या आकड्याबद्दल बोलतो आहे. तैपेईजवळच्या पिंगलिनमध्ये याच्या उलट चित्र दिसते. फेइत्सुई धरणाच्या पाणलोटात असल्यामुळे तिथे जमिनीच्या वापरावर कडक बंधने आहेत. तरीही पाओचोंग हा पट्टीसारखा लांब वळलेला, हलक्या ऑक्सिडीकरणाचा चहा तिथे उत्तम होतो, आणि तोही काही शे मीटरवर. फुलांचा वास हवा असेल त्याने डोंगर चढायचे कारण नाही.

राहिली फसवेगिरी. तैवान स्वतः पिकवतो त्याहून जास्त चहा आयात करतो. त्यातला बराचसा बाटलीबंद आणि दुकानांतल्या गार पेयांत जातो, त्यात गैर काही नाही. पण व्हिएतनामच्या लामडोंग प्रांतातल्या पठारावर तैवानी लोकांनीच नेलेले चिंगशिन आणि चिनश्वेन हे वाण, तीच यंत्रे आणि तीच पद्धत आहे. तिथली गोळी आलीशानच्या गोळीत मिसळली, तर डोळ्यांना कळत नाही. तैवानच्या चहा संशोधन केंद्राने पानातल्या अनेक मूलद्रव्यांचे प्रमाण मोजून माती ओळखण्याची चाचणी बसवली, कारण चव आणि रूप यांवर भागेनासे झाले. वूयीत वेगळीच अडचण आहे. 2002 च्या राष्ट्रीय मानकात नामांकित कातळी भाग आणि बाकीचा भाग असे वेगळे केले होते. 2006 च्या मानकाने सबंध वूयीशान शहराच्या हद्दीला एकच नाव दिले. घळीतला आणि सपाटीवरचा चहा कायद्याने एक झाला, किमतीत मात्र दोघांमध्ये दरी राहिली. त्या दरीतच खोटी नावे वाढतात. न्यूलानकेंग ही एक अरुंद घळ आहे. तिच्या नावाने बाजारात दिसणारा सगळा रोउगुई तिच्यात पिकणे शक्य नाही.

म्हणून माझी मागणी अशी, की पुडीवर उंचीचा आकडा असो वा नसो, पण देश आणि गाव, वाणाचे नाव, खुडणीचा हंगाम आणि वर्ष, ऑक्सिडीकरण हलके की जड, शेक किती आणि शेवटचा शेक कधी दिला, हे छापलेच पाहिजे. वरवर पाहता हा तपशील फार वाटतो, पण करणाऱ्याला तो माहीत असतोच. लामडोंगचा चहा लामडोंग म्हणून विकला गेला, तर त्याला स्वतःचे नाव मिळेल. थायलंडच्या मे सालोंगमधला चिनश्वेन किंवा नेपाळच्या इलामचा ऊलाँग यांनाही. आज त्यांचा चांगला माल दुसऱ्याच्या नावाखाली जातो आणि वाईट माल त्यांच्या नावावर राहतो.

यावर आक्षेप येईल, की चव व्यक्तिगत असते. कोणाला उंच डोंगरी चहा आवडतो तर आवडू द्या. अगदी मान्य. पण आवड चवीवर ठरावी, छापलेल्या आकड्यावर नको, आणि तपासायला फारसे काही लागत नाही. एकाच वाणाचे, म्हणजे चिंगशिनचे, एकाच हंगामातले दोन गोळी चहा घ्या, एक लुगूचा आणि एक 1,500 मीटरच्या वरचा. सारख्या आकाराच्या दोन पांढऱ्या भांड्यांत प्रत्येकी 3 ग्रॅम पान, 150 मिलिलीटर उकळते पाणी, झाकण, सहा मिनिटे. पट्टीसारखा लांब चहा असेल तर पाच. रोज पिण्यासाठी हा काढा जड आहे, पण दोष लपू देत नाही, म्हणून तैवानमधले परीक्षक असेच मोजतात. वूयी आणि आनशीकडे 110 मिलिलीटरच्या झाकणाच्या वाटीत 5 ग्रॅम पान घालून दोन, तीन आणि पाच मिनिटे असे तीनदा उतरवतात. शेक किती आत गेला आहे ते तिसऱ्या खेपेला कळते. भांड्यांच्या तळाशी नावे चिकटवा, जागा कोणाकडून तरी बदलून घ्या. गरम असताना एक घोट, कोमट झाल्यावर दुसरा, पुरता गार झाल्यावर तिसरा. गार घोटात जो चहा गोड राहतो, त्याच्यापुढे खूण करा.

मग भिजलेले पान ताटलीत उलगडा. नीट केलेल्या पानाची कड तांबूस आणि मध्य हिरवा किंवा पिवळसर असतो, पान लवचिक असते, बोटात दाबले तर कापडासारखे वाटते. शिरेजवळ गडद हिरवे, ओलसर डाग दिसले तर पाणी चाललेले नाही. काळे पडलेले, गुंडाळलेले, उलगडायला तयार नसलेले पान म्हणजे आच चढली, किंवा आधीचा दोष शेकाखाली दडवला. हे सगळे पाहून झाले, की भांडी उलटी करून तळाचे नाव वाचा.